‘सस आउट’: एक एस की दोन?

प्रश्न असा आहे: लंडनच्या ऑफिसातून आलेल्या मेलमध्ये सहकाऱ्याने लिहिलंय, ‘कॅन यू सस आउट देअर प्रायसिंग?’ आणि त्यात ‘सस’च्या शेवटी दोन एस आहेत. घरातला शाळकरी मुलगा मोबाइलवर खेळताना ‘ही इज सस’ म्हणतो, पण लिहिताना एकच एस टाकतो. मग हा शब्द एकच की दोन? बरोबर स्पेलिंग कोणतं? आणि मेलचा अर्थ ‘त्यांच्या दरांबद्दल संशय घ्या’ असा घ्यायचा का?

शेवटची शंका आधी मिटवू, कारण मेलला उत्तर द्यायचं असेल. तसा अर्थ घेऊ नका. सहकाऱ्याचं म्हणणं एवढंच, की ते लोक दर काय लावतात, कशाच्या आधारावर लावतात, याचा जरा अंदाज घ्या. यात कुणावर संशय नाही. हा रोजच्या बोलण्यातला, मुख्यतः ब्रिटिश वळणाचा शब्द आहे. उच्चार ‘बस’शी जुळणारा.

जन्म मात्र संशयातूनच झालेला आहे. ‘सस्पेक्ट’ आणि ‘सस्पिशन’ या शब्दांचं शेपूट छाटून पोलिसांनी आणि पोलिसांशी गाठ पडणाऱ्यांनी ‘सस’ केला. एखाद्याला ‘ऑन सस’ पकडलं, म्हणजे नुसत्या संशयावरून पकडलं. १९५०च्या दशकात तो क्रियापद म्हणून ‘संशय घेणे’ याच अर्थाने दिसतो, आणि १९६०च्या दशकात ‘शोधून काढणे, उमगणे’ हा अर्थ रुळतो. मला हा प्रवास अगदी स्वाभाविक वाटतो. पोलिसाचा संशय मनातल्या मनात राहत नाही, त्यापाठोपाठ चौकशी येते आणि चौकशीतून काहीतरी हाती लागतं. बोलणाऱ्यांनी सुरुवातीचा संशय सोडून दिला आणि शेवटचं ‘हाती लागणं’ तेवढं ठेवलं. ‘आउट’ जोडल्यावर तर ते आणखी पक्कं झालं.

या शब्दाची एक बोचरी बाजूही आहे आणि ती माहीत असायला हवी. ब्रिटनमध्ये ‘सस लॉ’ म्हटलं की एका पिढीला १८२४चा व्हेग्रन्सी ॲक्ट, म्हणजे भटकेगिरीविरुद्धचा कायदा, आठवतो. त्यातल्या चौथ्या कलमानुसार, गुन्हा करण्याच्या इराद्याने सार्वजनिक जागी घुटमळणारा ‘संशयित’ म्हणून कुणालाही पकडता येई. प्रत्यक्षात गुन्हा घडलेला असायची गरज नव्हती, पोलिसांच्या साक्षीवर काम भागत असे. १९७०च्या दशकात या कलमाचा जाच कृष्णवर्णीय तरुणांना फार झाला. एप्रिल १९८१मध्ये दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनला दंगल उसळली, तिच्यामागे पोलिसांच्या अडवाअडवीबद्दलचा साचलेला राग होता. त्याच वर्षी क्रिमिनल अटेम्प्ट्स ॲक्ट आला आणि त्या कलमातली ही तरतूद गेली. म्हणून जुन्या लंडनकरांच्या तोंडी एका एसचा ‘सस’ आला, तर तो हलक्याफुलक्या बोलण्यातला असेलच असं धरू नये.

मुलाचा ‘सस’ याच घराण्यातला, फक्त तो विशेषण आहे: संशयास्पद, गडबड वाटणारा. ‘अमंग अस’ हा खेळ २०१८मध्ये आला आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये जगभर पसरला. त्यात यानावरच्या मंडळींमध्ये लपलेला तोतया ओळखायचा असतो, त्यामुळे ‘अमुक सस आहे’ हे वाक्य सारखं लागतं. शब्द मात्र खेळाने घडवलेला नाही, विशेषण म्हणूनही तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता. ऑस्ट्रेलियात हेच विशेषण दोन एस घालूनही सर्रास लिहितात.

आता स्पेलिंग. विशेषण किंवा नाम असेल तर एक एस, क्रियापद असेल तर दोन, हे धोरण ठेवा. दोन्ही ठिकाणी उलट लिहिलेलंही सापडेल, पण या धोरणामागे कारण आहे. छाटलेल्या शब्दात मुळातली अक्षरं तशीच राहतात. ‘ऑम्निबस’चा ‘बस’ झाला, तो एका एसचाच राहिला. ‘सस्पेक्ट’मध्येही त्या जागी एकच एस आहे. पण क्रियापदाला भूतकाळ लागतो, आणि तिथे अडचण येते. एस-यू-एस-ई-डी असं लिहून पाहा. ‘यूज्ड’, ‘फ्यूज्ड’ वाचायची सवय झालेला डोळा ते ‘सूज्ड’ असं वाचेल. दुसरा एस आला की आधीचा स्वर ऱ्हस्व राहतो आणि ‘सस्ड’ हा उच्चार नीट निघतो. ‘गॅस’चं क्रियापद केलं की भूतकाळात एस दुप्पट होतो, तोही याच कारणाने. ‘बस’ क्रियापद झाला तेव्हा मात्र लोक अडखळले, कारण दोन एसचा ‘बस’ इंग्रजीत आधीच होता आणि त्याचा अर्थ चुंबन घेणे. म्हणून अमेरिकेत मुलांना बसने दूरच्या शाळेत नेण्याच्या धोरणाला ‘बसिंग’ म्हणताना एकच एस रूढ झाला. ‘सस’ला असा शेजारी आडवा आला नाही, त्यामुळे दुसरा एस बिनदिक्कत बसला.

आता थोडं मागे, कारण मला यातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो. ‘सस्पेक्ट’ लॅटिनमधून आला: ‘सुब’ म्हणजे खालून आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. या ‘स्पेकेरे’चा संस्कृत भाऊबंद म्हणजे ‘स्पश्’. ‘पश्यति’ त्याच कुळातलं, फक्त तिथे सुरुवातीचा ‘स’ गळाला. ऋग्वेदात वरुणाभोवती त्याचे हेर बसलेले आहेत, त्यांना ‘स्पशः’ म्हटलंय. आणि आपण दिवसातून दहा वेळा वापरतो तो ‘स्पष्ट’ही याच धातूचा, म्हणजे मुळात ‘पाहिलेला, दिसलेला’. संशयाचा ‘सस’ आणि आपला ‘स्पष्ट’ अशा रीतीने दूरचे नातलग ठरतात. मराठीनेही ‘हेर’वरून ‘हेरणे’ केलंच आहे आणि रोजच्या बोलण्यात त्यात हेरगिरी उरलेली नाही, नुसतं नेमकं टिपणं आहे.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. सर्वनाम असेल तर ते मध्ये येतं: ‘सस इट आउट’, ‘सस हिम आउट’. ‘सस आउट इट’ असं कुणी म्हणत नाही. आणि करारपत्रात किंवा अर्जात हा शब्द नको, तिथे ‘फाइंड आउट’ किंवा ‘असर्टेन’ बरं.

मराठीत एकच प्रतिशब्द पुरणार नाही. माणसाला ‘सस आउट’ केलं तर ‘त्याचं पाणी जोखलं’. मनातला बेत ओळखला तर ‘ताडलं’, ‘आय हॅव गॉट यू सस्ड’ म्हणजे ‘मी तुला बरोबर ओळखून आहे’. ‘छडा लावणे’ कोशात जवळचं वाटेल, पण त्याला चोरी-दरोड्याचा वास आहे, नवा वॉशिंग मशीन कसा चालतो याचा कुणी छडा लावत नाही. तिथे ‘कसं चालतं ते बघून घेतलं’ हेच बरं. आणि तुमच्या मेलला उत्तर देताना ‘त्यांच्या दरांचा अंदाज घेऊन कळवते’ हे मनात धरून लिहा.