घरी भरदार वाटणारी लीड गिटार बँडमध्ये ऐकू येत नाही. त्यासाठी कोणते पेडल घ्यावे?

तुमचा अँप २० वॅटचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि ८ इंची स्पीकरचा आहे. खोलीत एकट्याने वाजवताना सोलो भरदार वाटतो, पण ड्रम, बास आणि कीबोर्ड सुरू झाले की तो कुठे जातो ते कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे; आणि त्यावर उपाय म्हणून अधिक जोरकस डिस्टॉर्शनचे (आवाज मुद्दाम फाडणारे) पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायची डबी, घ्यावे का, असे विचारले आहे. माझ्या मते ते मुळीच घेऊ नये, कारण तुमच्या सोलोला डिस्टॉर्शन कमी पडत नसून मिड्स, म्हणजे बास आणि ट्रेबल यांच्या मधला आवाजाचा भाग, कमी पडत आहेत.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील एका कार्यक्रमासाठी मी असेच एक भारी गेनचे (सिग्नल खूप वाढवून आवाज फाडणारे) पेडल हौसेने विकत घेतले होते. घरी बास आणि ट्रेबल वाढवून, मिडल जवळजवळ शून्यावर ठेवून लावलेला तो आवाज मला इतका आवडला होता की कार्यक्रमातही मी नॉबला हात लावला नाही. पहिल्याच सोलोला समोर बसलेल्या मित्राने कानाला हात लावून ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली, म्हणून मी गेन आणखी वाढवला, आणि उरलासुरला सूरही त्या फरफरीत बुडून गेला.

असे का होते, ते पाहण्यासारखे आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर साधारण ८२ हर्ट्झचा सूर निघतो, आणि गिटारच्या स्पीकरचा आवाज सुमारे ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला बास गिटार आणि ड्रमचा किक ठाण मांडून बसलेले असतात आणि वरच्या टोकाला झांजा. ही दोन टोके वाढवून मधला भाग कापला, की आपण आपला आवाज नेमका दुसऱ्यांनी व्यापलेल्या जागी नेऊन ठेवतो. खोलीत ती जागा रिकामी असते, म्हणून तिथे आवाज सुंदर वाटतो. सनई-चौघडा ऐकताना चौघड्याचा घुमारा कितीही मोठा असला तरी सनईचा सूर वेगळा काढता येतो, कारण सनईचे बळ चौघड्यापेक्षा बऱ्याच वरच्या भागात असते. लीड गिटारने अशीच जागा धरायची असते, आणि ती साधारण ७०० ते २,००० हर्ट्झच्या दरम्यान सापडते.

म्हणून पहिले पेडल घ्यायचे ते मिड्स पुढे आणणारे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शनचे पेडल. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पेडल म्हणजे आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर. त्याच्या रचनेत सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला क्रमाक्रमाने कमी गेन मिळतो आणि त्याच सुमारापासून वरचा तीक्ष्णपणाही टोनच्या भागात गाळला जातो. त्यामुळे मध्ये एक उंचवटा तयार होतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन हे पेडल फेंडरच्या अँपपुढे वापरत असे, आणि फेंडरच्या त्या जातीच्या अँपमध्ये मिड्स मुळातच दबलेले असतात, हे लक्षात घेतले की ही जोडी का जमली ते समजते. मार्शलच्या पद्धतीच्या, मिड्सने भरलेल्या अँपपुढे हेच पेडल मुख्यतः बासचा सैलपणा आवरण्याचे काम करते. पेडल निवडताना अँपमध्ये काय कमी आहे ते आधी ऐकावे, असे मी म्हणतो ते यासाठी. बॉसचे एसडी-१ हे १९८१ पासूनचे पेडल याच घराण्यातले असून अजूनही बनते, तुलनेने स्वस्त आहे आणि जुने घेतले तरी सहसा दगा देत नाही. तुमच्या जागी मी तेच घेईन. याउलट बिग मफसारखे फझ (अतिशय फाटलेल्या, भरड आवाजाचे पेडल), ज्यात मिड्सचा खड्डा हीच ओळख आहे, ते या अडचणीत तुम्हाला मदत करणार नाही, मग त्यातून पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने कितीही देखणे सोलो काढलेले असोत.

हे पेडल लावावे कसे, यात बहुतेकांची गफलत होते. अँपच्या गेन चॅनलपुढे (अँपच्या फाटलेल्या आवाजाच्या भागापुढे) लावत असाल, तर अँपचा गेन आता आहे त्याच्या निम्मा करावा, पेडलचा ड्राइव्ह (फाटण्याचे प्रमाण) अगदी कमी आणि लेव्हल (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) बरीच जास्त ठेवावी. अँपचे स्वतःचे डिस्टॉर्शन कर्कश असेल, आणि छोट्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये ते अनेकदा असते, तर क्लीन (न फाटणाऱ्या आवाजाचे) चॅनल घेऊन पेडलचा ड्राइव्ह अर्ध्यापर्यंत न्यावा आणि डिस्टॉर्शन सर्वस्वी पेडलकडूनच घ्यावे.

येथे एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. अँपचा व्हॉल्यूम आधीच शेवटपर्यंत फिरवलेला असेल, तर कोणतेही पेडल त्याचा आवाज मोठा करू शकत नाही, तो फक्त अधिक फाटतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी ढोबळमानाने दहापट वॅट लागतात, म्हणजे २० वॅटऐवजी ४० वॅटचा अँप आणूनही फरक बेताचाच पडेल. त्यापेक्षा ऱ्हिदम (साथ) वाजवताना गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवावा आणि सोलोला दहावर न्यावा. मोठ्या मांडवात अँपपुढे मायक्रोफोन लावून घ्यावा. अँप जमिनीवर ठेवला असेल तर तो खुर्चीवर चढवून कानाच्या दिशेने वळवावा. बासचा घुमारा कमी होतो, तीक्ष्ण भाग थेट ऐकू येतो, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही.

दुसरे पेडल इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे स्वतंत्रपणे कमी-जास्त करणारे. बॉसच्या जीई-७ मध्ये १०० हर्ट्झपासून ६,४०० हर्ट्झपर्यंत सात पट्ट्या असतात. ओव्हरड्राइव्हनंतर तो लावून ८०० आणि १,६०० हर्ट्झ चार-पाच डेसिबल वर, १०० हर्ट्झ थोडे खाली आणि एकूण लेव्हल किंचित वर ठेवली, की सोलोसाठी पायाखाली वेगळा आवाज तयार होतो. ओव्हरड्राइव्हच्या आधी लावल्यास मात्र आवाज फारसा मोठा होत नाही, डिस्टॉर्शनचा पोत बदलतो.

डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारे पेडल, त्यानंतर. त्याने सोलोला लांबी आणि खोली मिळते, पण तो डिस्टॉर्शनच्या मागेच हवा, नाहीतर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा फाटून सगळ्याचा चिखल होतो. तुमच्या अँपला इफेक्ट्स लूप (अँपच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची सोय) नसेल तर क्लीन चॅनलचाच मार्ग धरावा. वेळ ठरवण्यासाठी ६०,००० ला गाण्याच्या लयीने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी, भागावे: १२० च्या लयीला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. प्रतिध्वनी दोन किंवा तीनच ठेवावेत, आणि तेही इतक्या हलक्या आवाजात की डिले बंद केल्यावरच तो होता हे कळावे.

कंप्रेसर, वाह, फेझर या इतर पेडलांचा विचार इतक्यात करू नये. अडॅप्टर मात्र नीट पाहून घ्यावा: यातील बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी आणि मध्यभागी ऋण टोक लागते. तीन पेडले एकाच स्वस्त अडॅप्टरवर साखळीने जोडल्यास, विशेषतः त्यात डिजिटल डिले असल्यास, गुणगुण येण्याचा संभव असतो. तसे झाल्यास डिलेला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्यावी, पेडल तिथल्या मोठ्या अँपऐवजी शक्य तितक्या लहान अँपवर वाजवून पाहावे, आणि सोबत मोबाइलवर ड्रम व बासचा ट्रॅक लावावा. एकट्याने ऐकताना जो आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटतो, तोच बहुधा ट्रॅकवर सर्वांत स्वच्छ ऐकू येईल.