नवरा डिलिव्हरीवाल्यांच्या युनियनमध्ये जातोय, आयडी बंद केला तर?

बेळगावातल्या अनगोळहून एका बहिणीनं लिहिलंय. नवरा एका मोठ्या डिलिव्हरी कंपनीची पार्सलं पोचवतो, हबवरची, म्हणजे पार्सलं वाटून देतात त्या गोदामावरची पोरं युनियन काढतायत आणि त्यालाही नाव घालायचंय. हिला धास्ती, कारण बाइकचा हप्ता चालू आहे, टीएलनं, म्हणजे टीम लीडरनं आडून सुनावलंय की नाव घातलं त्याचा आयडी, म्हणजे ॲपवरचं कामाचं खातं बंद, आणि दीर म्हणतो ती कन्नड पोरांची युनियन, आपलं काय काम तिथं. "मावशी, त्याला माझी शपथ घालू का?"

शपथ नको घालूस गं. तुझी भीती खरी आहे, आयडी गेला की दुसऱ्या दिवसापासून घरात पैसा नाही, आणि युनियनमध्ये गेल्यावर काहीच त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तूच खाली लिहिलंयस ना, पावसात उद्यमबागेजवळ गाडी घसरून त्याचा हात मोडला तेव्हा "तुम्ही पार्टनर आहात, कामगार नाही" म्हणून एक रुपया दिला नाही. तेव्हा कुठं युनियन होती? एकटाच होता तो, म्हणून तर तसं बोलायची हिंमत झाली त्यांची.

कर्नाटकात 2025 मध्ये गिग कामगारांचा, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्यांचा कायदा झालाय. कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि 14 दिवस आधी नोटीस, शिवाय पोरांना जे पैसे देतात त्यावर 1 ते 5 टक्के कंपनीनं वेल्फेअर फंडात भरायचे. ठिकठिकाणच्या संघटना मागं लागल्या म्हणून हे झालं. आता हीच नोटीस एकट्यानं मागितली तर टीएल उडवून लावेल, अख्ख्या हबनं मागितली तर त्याला वर कळवावंच लागेल.

दिराचं मात्र अजिबात ऐकू नकोस. आपल्याकडं भाषेवरून वातावरण तापायला वेळ लागत नाही, आणि मराठी पोरं एकीकडं कन्नड पोरं दुसरीकडं झाली की कंपनीला आयतंच फावतं, रेट तर दोघांचाही कापला जातो. निपाणीत 1980 च्या सुमारास तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांनी संघटना बांधून संप केला होता, त्यांचंही हातावरच पोट होतं गं.

पण डोळे झाकून नको. वर्गणीची पावती मिळते का, युनियनची नोंदणी झालीय का, संप कोण ठरवणार, एखाद्याचा आयडी बंद झाला तर बाकीचे काय करणार, हे त्याला आधी विचारायला लाव. दोघातिघांनीच पुढं होऊ नये, निम्मा हब तरी एकदम नाव घालू दे. आजपासून पेआउटचे आणि टीएलच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तुझ्या फोनवर पण ठेव, आयडी बंद झाला की ॲपमधलं काही दिसत नाही. आणि फॉर्म कन्नडमध्ये असेल तर कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या, मगच सही.