फेरीवर असताना पाणी प्यावं का?

प्रश्न : एसटीत वाहक आहे. गुहागर-चिपळूण फेऱ्यांत चार-चार तास बाथरूमला जाता येत नाही, म्हणून पाणीच पीत नाही. आता लघवीला जळजळ होते. काय करू? – एक वाचक, गुहागर

उत्तर : पाणी तोडलंत तिथेच गाडी चुकली. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. चार तास सहसा निभतात. पण आपल्याकडच्या दमट उकाड्यात घामच इतका जातो की लघवी थोडी आणि गडद होते, जंतू धुऊन निघत नाहीत. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमीचा, त्यामुळे ते चटकन वर चढतात.

ड्युटीच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्या. निघताना लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा, उरलेली निघते. गाडीत दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट. तांब्याभर एकदम प्यायलात तर घाटात कळ येणारच. चहा फेरी संपल्यावर, कंट्रोलरसाहेबांच्या आग्रहाचा कपसुद्धा! स्थानकातल्या घाणीमुळे अधांतरी बसलात तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

जळजळ आहे, तर आधी लघवी तपासून घ्या. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक नको. थंडी-ताप किंवा कुशीत दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.