पुरात धावणाऱ्या पेठेला घरातलं का सांगायचं नाही?

‘मावशी, मी कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहते. वय ३३. माहेर चंदगडकडं, लांब. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. आता त्या ७१ वर्षांच्या आहेत आणि त्यांचं सगळं अंथरुणात. मी घरी ब्लाउज शिवायची, ते बंद पडलं. थोरली मुलगी सातवीत. मला दवाखान्यात नाहीतर रेशनला जायचं असलं की तीच आजीपाशी थांबते, मग शाळा बुडते. धाकटा चार वर्षांचा, अजून नीट बोलत नाही, पण घरात सगळे म्हणतात की मुलगे उशिराच बोलतात. नणंद इचलकरंजीहून येते आणि चादर मळलीय म्हणून चार शब्द ऐकवून जाते. मिस्टर वाईट नाहीत. पेठेतल्या तालमीचे, म्हणजे तरुण मंडळाचे, कार्यकर्ते आहेत. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात लोकांना बाहेर काढायला, जेवण पोचवायला रात्रंदिवस बाहेर होते. पण मी कुणाची मदत घेऊ का म्हटलं की म्हणतात, “आपलं घरातलं घरात ऱ्हाऊ दे.” गेल्या महिन्यात रागात ताट भिंतीवर मारलं. अंगावर हात टाकलेला नाही. सासूबाई दिवसभर रडतात नाहीतर चिडतात. मला रात्रीची झोप नाही. मी कुणाला सांगू? आणि सांगितलं तर घराची अब्रू जाईल का?’

बाळ,

तुझ्या पत्रातली सगळ्यात निकडीची गोष्ट तू मधेच एका ओळीत लिहून पुढे गेलीस. धाकटा चार वर्षांचा आहे आणि नीट बोलत नाही. सासूबाईंच्या दुखण्यानं घर व्यापलंय, त्यात पोराचं बोलणं मागं पडलं, हे मला समजतं. पण तपासायचं पहिलं तेच.

मुलगे उशिरा बोलतात हे आपल्याकडं आजीपासून आईपर्यंत सगळ्या सांगत आल्या. एखादा थोडा उशिरा बोलतोही. पण चार वर्षांचं मूल चार-पाच शब्दांची वाक्यं बोलतं आणि घराबाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं कळतं. तसं होत नसेल तर वाट बघायची नाही. आधी कान तपासायचे. दार आपटलं की तो दचकतो, म्हणून ऐकायला येतंय असं घरच्यांना वाटतं. पण काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, मग शब्द शिकायचे कुठून? थोरल्या दवाखान्यात, म्हणजे आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, नाक-कान-घसा विभाग आहे. केसपेपर काढ आणि ‘चार वर्षांचा आहे, बोलत नाही, कान तपासायचेत’ एवढंच सांग. मूल एका जागी बसत नसेल तर झोपेत करायची तपासणीही असते, तिला बेरा म्हणतात. कान चांगले निघाले तर बालरोगतज्ज्ञांकडं. ते विचारतील की नाव घेतल्यावर वळतो का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, दुसऱ्या पोरांत खेळतो का. घरून निघतानाच या गोष्टी आठवून ठेव.

त्याच्या जोडीला अंगणवाडीत जा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळेआधीचं शिक्षण हे अंगणवाडीचंच काम आहे, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. जन्मजात व्यंग आणि आजारांबरोबर मुलाची वाढ मागं पडतेय का, हेही त्यांनी बघायचं असतं. पथक येईपर्यंत थांबू नकोस. सेविकेला सांग, ती पुढची चिठ्ठी मिळवून देऊ शकते. त्या चिठ्ठीवर पुढचे उपचार फुकट होतात. दुसरा फायदा असा की रोज सकाळचे काही तास पोरगं चार मुलांच्या बोलण्यात राहील आणि तुझा हात मोकळा होईल. ‘तू मोबाईल दिलास म्हणून असं झालं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. तपासणीआधी कारण ठरवायचं नाही, आणि तुला दोषी तर मुळीच धरायचं नाही.

आता थोरली. तिची शाळा बुडणं या आठवड्यापासून बंद. इथं मी तुझ्याशी जरा कडक बोलणार आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच करवीरात, म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. तो तेव्हाचा रुपया. घरात काम आहे ही सबब तेव्हाही घरोघरी होती, आणि त्या सबबीलाच तो दंड होता. मुलगी आजीला पाणी देईल, संध्याकाळी पेपर वाचून दाखवेल, ते चांगलंच आहे. पण दिवसा राखण करायला घरात तिच्याशिवाय माणूस नाही, ही अडचण मोठ्यांनी सोडवायची आहे. तिच्या वर्गशिक्षिकेला एकदा भेट आणि घरात आजारपण आहे हे स्पष्ट सांग. बुडालेला अभ्यास भरून घेताना त्यांची मदत होईल. न सांगता गैरहजेरी वाढली तर पोरगी आळशी ठरते.

सासूबाईंचं दुखणं तू एकटी उचलतेयस. आधी त्यांच्या रडण्या-चिडण्याबद्दल सांगते, कारण ते तुझ्यामुळं आहे असं तुला वाटतंय, आणि बहुतेक ते तसं नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एका माणसाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजा हे त्याचं एक कारण. आयुष्यभर स्वतःच्या हातानं सगळं केलेल्या बाईला आता सुनेकडून अंग पुसून घ्यावं लागतंय, हे दुसरं. त्यावर औषध आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना रक्तदाबाबरोबर हेही सांग, कारण त्यांनी आपण होऊन विचारलं नाही तर घरचे बोलत नाहीत.

फिजिओथेरपी सोडली असशील तर परत सुरू कर. आठ महिने झाले म्हणजे आता काही उपयोग नाही असं नसतं. एकदा त्यांना नेऊन घरी करायचे व्यायाम नीट शिकून घे, आणि शिकायला मिस्टरांना बरोबर ने. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. हे काम एका बाईनं चोवीस तास करायचं नसतंच. खुर्चीवर बसवायला जमतंय का तेही विचार. चाकाची खुर्ची आली म्हणजे माणूस संपलं असं घरोघरी वाटतं. आपल्याच गावात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि अपंगांची शाळा, वसतिगृह, रोजगार असं केवढं काम केलं. सासूबाईंना हे सांग. अंगणात नाहीतर दारात बसून गल्ली दिसली तरी माणसाचा दिवस बदलतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते सुरू आहे आणि आधार कार्डावर निघतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च त्यात बसतो. पण तो दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांचा. रोजच्या गोळ्या आणि घरची शुश्रूषा त्यात येत नाही, त्या आशेवर राहू नकोस. मिस्टरांच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईचं नाव कार्डावर लागलंय का ते कंपनीत विचारायला सांग. वयस्कर माणसांसाठीच्या सोयी आणि योजना विचारायच्या असतील तर १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

मशीन परत काढ. दिवसाचे दोन तास शिवणार असं घरात जाहीर कर. त्या पैशातून सकाळी दोन तासांची मदतनीस बाई ठेवता आली तर जरूर ठेव. परक्या बाईनं सासूचं अंग पुसलं म्हणून सून कमी ठरत नाही. पेठेतल्या एखाद्या बचत गटातही नाव घाल. दहा ते वीस बायकांचा गट असतो, महापालिकेकडून त्याची नोंदणी होते. लोक गटाकडं कर्जासाठी बघतात. मला त्यातली दरमहाची बैठक जास्त मोलाची वाटते, कारण तिथं तू सून म्हणून बसत नाहीस.

नणंदेला फोन कर, पण तक्रार करायला नको. ‘मदत कर’ असंही म्हणू नकोस, त्यावर माणूस ‘बघते’ म्हणतं आणि बघत नाही. दिवस आणि वेळ सांग. ‘ताई, महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते पाच तुम्ही आईंपाशी बसा, मी पोरांना घेऊन बाहेर जाते.’ आई तिचीही आहे. एक अख्खा दिवस अंथरुणापाशी काढला की चादरीबद्दलचं बोलणं आपोआप कमी होतं.

आणि मिस्टर. बाळ, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आशा त्यांच्याकडूनच वाटते. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर आली तेव्हा सुतारवाड्यातल्या, शुक्रवार पेठेतल्या माणसांनी दार उघडून तालमीच्या पोरांचा हात धरला. त्यांची अब्रू गेली असं तुमच्या मिस्टरांना एकदा तरी वाटलं का? त्यांना हेच विचार, शांतपणे, पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात, जेवण झाल्यावर. भांडणाच्या वेळी नको. मग ठरवून घ्या. पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळी चार ते आठ आईंचं सगळं ते बघतील, दुसरी असेल तेव्हा सकाळी व्यायाम ते करून घेतील, रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांना झोपू दे आणि त्या आठवड्यातच नणंदेचा रविवार येईल असं बघ. जो माणूस परक्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून येतो, त्याला आईची कूस बदलायला जमेल. त्याला ते कुणी सांगितलेलं नाही एवढंच. तालमीतही एक वाक्य त्यांनीच टाकावं: आईला दवाखान्यात न्यायला जिन्यावरून उतरवायला दोन पोरं लागतात. यात घरातलं काय बाहेर गेलं?

ताटाचं मात्र मी सोडून देणार नाही. दमलेल्या माणसाला राग येतो, मान्य. भिंतीवर ताट मारणं ही घरातल्यांना घाबरवण्याची गोष्ट आहे आणि तुझी दोन्ही मुलं ते बघतात. त्यांना स्पष्ट सांग की हे परत चालणार नाही. परत घडलं, किंवा अंगावर आले, तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि जिवाची भीती वाटली तर ११२. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, धाक आणि मानसिक छळही त्यात येतो. बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. त्यासाठी कसबा बावड्याला न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं, नाहीतर १५१०० लावायचा. याची गरज पडेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. तरी हे क्रमांक थोरलीच्या वहीतही लिहून ठेव.

झोप नाही म्हणतेस, तर १४४१६ वर फोन कर. टेली मानस म्हणतात त्याला, चोवीस तास चालू असतं, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगितलं नाही तरी चालतं. रात्री दोनला सगळे झोपलेले असताना केलास तरी कुणीतरी ऐकून घेईल. यासाठी मिस्टरांची परवानगी लागत नाही.

अब्रूचं विचारलंस. पेठेत कुणाच्या घरात आजारी माणूस आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. शेजारच्या काकू दारातून वाकून ‘कशा हायेत सासूबाई?’ विचारतात, तेव्हा तू ‘बऱ्या आहेत’ म्हणून दार लोटून घेत असशील. पुढच्या वेळी म्हण, ‘काकू, मंगळवारी अकरा ते एक पोराला सीपीआरला न्यायचंय, दोन तास बसाल?’ त्या हो म्हणतील असं मला वाटतं. नाही म्हणाल्या तर बचत गटातली दुसरी कुणी म्हणेल. मंगळवार मात्र बदलायचा नाही, आणि त्या दिवशी थोरली शाळेत असेल.

कानाच्या तपासणीचं काय झालं ते कळव. त्यावरून पुढं कुणाकडं जायचं ते आपण बघू.

तुझी मावशी