रोजच्या वापरासाठी 'आत्ता'ची माहिती ऑनलाइन कुठे पाहावी, आणि ती कितपत ताजी असते?

प्रश्न असा आहे : पाऊस, रहदारी, विमानं, हवेची गुणवत्ता, भूकंप, चलनाचे दर हे सगळं या क्षणी काय आहे ते एकाच ठिकाणी दाखवणारी भरवशाची साइट किंवा अ‍ॅप कोणतं?

एकाच ठिकाणी सगळं नीट देणारी साइट माझ्या पाहण्यात नाही, आणि ती शोधण्यात वेळ घालवू नका असंच मी सांगेन. अशी अ‍ॅप इतरांकडची माहिती घेऊन रंगीत चौकटींत मांडतात. या हातून त्या हाती जाताना आकडा राहतो, पण तो कधी मोजला ती वेळ बहुतेकदा गळून पडते. मी त्यामुळे विषयागणिक वेगळी साइट वापरतो. जो मोजतो त्याच्याकडेच जायचं आणि आकड्याआधी त्याच्या शेजारची वेळ वाचायची, एवढं पथ्य पाळतो. स्क्रीनवर हलणारी गोष्ट नुकतीच मोजलेली असेल, सूत्राने काढलेली असेल किंवा निव्वळ अंदाज असेल. दिसायला तिन्ही सारख्याच असतात.

विमानांपासून सुरुवात करतो, कारण तिथे मोजमाप अगदी उघड्यावर चालतं. आजची बहुतेक प्रवासी विमानं एडीएस-बी नावाच्या यंत्रणेतून १०९० मेगाहर्ट्झवर आपलं स्थान, उंची आणि वेग सतत प्रसारित करत असतात; स्थान तर साधारण सेकंदाला दोनदा. हा संदेश सांकेतिक नसतो. छोटी अँटेना आणि स्वस्तातला रिसीव्हर असला की तो कुणालाही ऐकता येतो. स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी २००६ मध्ये असे रिसीव्हर एकमेकांना जोडायला घेतले, त्यातून फ्लाइटरडार२४ उभं राहिलं. आता जगभरच्या स्वयंसेवकांच्या छपरांवरून त्यांच्याकडे माहिती येते. म्हणून दाट वस्तीच्या भूभागावर नकाशातलं विमान खऱ्या विमानापेक्षा जेमतेम काही सेकंद मागे असतं.

पण रिसीव्हर आणि विमान यांच्यामध्ये काही आडवं यायला नको, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरचं विमानही तीन-चारशे किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही. महासागराच्या मधोमध अँटेना कोण लावणार? तिथे काही माहिती उपग्रहांकडून येते; ती नसेल तेव्हा साइट शेवटचा वेग आणि दिशा धरून चित्र पुढे सरकवत राहते. विमानावर बोट ठेवलं की हे स्थान अंदाजित असल्याचं लिहिलेलं दिसतं, पण ते बोट कुणी ठेवत नाही. मग समुद्रावरून विमान अचानक 'गायब' झालं की घरचे घाबरतात. बहुतेक वेळा गायब झालेला असतो तो फक्त सिग्नल.

याच साइटचा रोजच्या उपयोगाचा भाग सांगतो. तुमच्या उड्डाणाला उशीर होणार का, हे कळण्यासाठी उड्डाण क्रमांकापेक्षा विमानाचा नोंदणी क्रमांक पाहा. तेच विमान त्याआधी कुठून येतंय ते कळतं. फलकावर 'वेळेवर' झळकतंय आणि तुमचं विमान अजून दुसऱ्याच शहराच्या धावपट्टीवर उभं आहे, तर काय समजायचं ते समजा. (कधी कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावते, तेव्हा हा तर्क फसतो.) काही मालकांच्या विनंतीवरून इथे त्यांची विमानं लपवली जातात, एडीएस-बी एक्स्चेंज ही अशीच दुसरी साइट तसं लपवत नाही.

जहाजांची गोष्ट अशीच आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या ३०० टनांवरच्या जहाजांना आपलं स्थान प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा सक्तीची आहे, आणि मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडरवर ती दिसतात. परदेशातून येणारं सामान नेमकं कुठे अडकलंय याची उत्सुकता असणाऱ्यांनी जहाजाचं नाव टाकून पाहावं. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर माहिती जुनी होते, हे इथेही आलंच.

हवामानात मात्र लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते. विंडी या साइटवर किंवा नलस्कूल या साइटच्या पृथ्वीच्या नकाशावर वाऱ्याच्या रेषा वाहताना पाहिल्या की वाटतं, कुणीतरी वर कॅमेरा लावलाय. तो वारा गणिताचा आहे. अमेरिकेचं जीएफएस हे अंदाज काढणारं संगणकी प्रारूप दिवसातून चार वेळा, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ०, ६, १२ आणि १८ वाजता सुरू होतं. गणित पुरं होऊन तुमच्यापर्यंत यायला पुढे काही तास लागतात. म्हणजे तुम्ही 'आत्ता' म्हणून पाहता तोही काही तासांपूर्वी केलेला अंदाजच. वाईट नाही, उलट फारच चांगला अंदाज असतो. पण कपडे वाळत घालायचे की नाही हे त्यावरून ठरवू नका.

त्यासाठी रडार पाहा. हवामान खात्यांची रडार साधारण पाच-दहा मिनिटांनी नवं चित्र देतात. मागच्या अर्ध्या तासाची चित्रं एकामागोमाग चालवली की ढग कुठल्या दिशेने सरकतोय ते डोळ्यांनाच कळतं, आणि पुढच्या तासाभरासाठी कुठल्याही अ‍ॅपच्या टक्केवारीपेक्षा मला हे जास्त खात्रीचं वाटतं. एक लक्षात असू द्या : रडारचा किरण दूर जाईल तसा जमिनीपासून वर वर जातो. त्यामुळे रडारपासून लांब असाल तर खालच्या थरातली रिमझिम त्याला दिसतच नाही. उलट कधी वर दिसलेला पाऊस खाली पोचण्याआधीच विरून जातो. रडार नसलेल्या भागात उपग्रहावर भागवावं लागतं. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर राहून पृथ्वीसोबत फिरणारे जपानचे हिमावारी किंवा अमेरिकेचे गोज उपग्रह दर दहा मिनिटांनी समोरच्या अख्ख्या गोलार्धाचं चित्र घेतात. त्यात ढगांचे माथे दिसतात, पाऊस नाही.

आणि तापमान? जवळ विमानतळ असेल तर त्याचा मेटार वाचायला शिका. हा वैमानिकांसाठी दर तासाला किंवा अर्ध्या तासाला निघणारा एका ओळीचा अहवाल असतो, आणि तो फुकट मिळतो. सुरुवातीला विमानतळाची चार अक्षरं, मग सहा आकडे : पहिले दोन तारखेचे, पुढचे चार यूटीसी वेळेचे. नंतर वारा, दृश्यता, ढग. शेवटाकडे २८/२४ अशी जोडी येते, ती म्हणजे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो). पहाटे या दोन आकड्यांमधलं अंतर एक-दोन अंशांवर आलं आणि वारा पडलेला असेल, तर धुक्याची शक्यता धरूनच बाहेर पडा. किचकट दिसतो खरा, पण एकदा वाचता आला की हवामानाच्या सुंदर अ‍ॅपची मला तरी फारशी गरज वाटत नाही.

विजांसाठी ब्लिट्झऑर्टुंग पाहण्यासारखं आहे. स्वयंसेवकांचे रिसीव्हर विजेची अतिशय कमी वारंवारतेची रेडिओ लहर टिपतात, कुणाकडे ती किती आधी पोचली यावरून जागा काढतात, आणि काही सेकंदांत ठिपका नकाशावर उमटतो. ही माहिती जिवाच्या सुरक्षिततेसाठी वापरू नका असं ते स्वतःच बजावतात. गडगडाट ऐकू आला तर नकाशा उघडू नका, आधी घरात जा.

हवेच्या गुणवत्तेचा आकडा तर मुळातच 'आत्ता'चा नसतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ताजा आकडा देता यावा म्हणून 'नाउकास्ट' हे सूत्र काढलं. त्यातही मागचे १२ तास धरले जातात, फक्त हवा झपाट्याने बदलत असेल तर अलीकडच्या तासांना जास्त वजन मिळतं. समोर धूर दिसतोय आणि अ‍ॅप हिरवं आहे, याचं कारण अनेकदा हेच. तासाची मोजणी वेगळी दाखवणारी साइट असेल तर ती पाहा. शिवाय तुमचं अ‍ॅप कुठल्या केंद्राचा आकडा दाखवतंय आणि ते केंद्र किती लांब आहे, हेही तपासा. पर्पलएअरसारख्या जाळ्यातले स्वस्त लेझर सेन्सर जवळचे असतात हा त्यांचा मोठा फायदा, पण दमट हवेत ते कणांचं प्रमाण वाढवून सांगतात.

जमीन हलल्यासारखी वाटली की बहुतेक जण आधी समाजमाध्यमं उघडतात. युरोपच्या ईएमएससी या केंद्राने याच सवयीचा उपयोग करून घेतला : एखाद्या भागातून त्यांच्या साइटवर अचानक लोंढा आला की तिथे भूकंप झाला असावा हे त्यांना कधीकधी भूकंपमापकांच्या विश्लेषणाआधीच कळतं. त्यांचं लास्टक्वेक अ‍ॅप याच कल्पनेवर चालतं. अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा नकाशा जास्त काटेकोर. पण पहिल्या काही मिनिटांतली तीव्रता प्राथमिक असते आणि पुढे ती बदलते. ६.१ चे ५.८ झाले म्हणून कुणी काही लपवतंय असं नाही, जास्त केंद्रांच्या नोंदी हाती आलेल्या असतात.

रहदारीचे रंग तुमच्याआमच्या फोनवरूनच येतात. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन घालून रिकाम्या रस्त्यावरून फेरी मारली, आणि गूगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला. मोठ्या रस्त्यांवर ही माहिती उत्तम असते. ज्या गल्लीत फोनच फारसे फिरत नाहीत तिथे तिच्यावर जाऊ नका. बसच्या बाबतीत एकच गोष्ट पाहा : वेळेच्या बाजूला थेट माहितीचं लहरींसारखं चिन्ह आहे की नाही. नसेल तर ते छापील वेळापत्रकच आहे, फक्त स्क्रीनवर आलेलं.

चलनाचे दर शोधताच जो आकडा समोर येतो तो बहुधा खरेदी आणि विक्री यांच्या मधला असतो. तो तुम्हाला कुणी देणार नाही. बँकेचा किंवा कार्ड कंपनीचा स्वतःचा दर पाहा. युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे संदर्भ दर कामाच्या दिवशी एकदाच, दुपारी चारच्या सुमारास तिथल्या वेळेनुसार निघतात, आणि अनेक मोफत साइट तेच दिवसभर दाखवतात. शेअरचे भाव मोफत साइटवर १५ मिनिटं मागे असणं हेही नेहमीचंच.

लोकसंख्येचे धावते आकडे दाखवणाऱ्या साइट करमणुकीसाठी ठीक. तिथे कुणी जन्म मोजत बसलेलं नाही, वार्षिक अंदाजाला सेकंदांनी भागलेलं आहे. जगाची लोकसंख्या ८ अब्ज झाल्याचा १५ नोव्हेंबर २०२२ हा दिवसही संयुक्त राष्ट्रांनी अंदाजावरूनच ठरवला होता.

एखादी सेवा बंद पडली का, हे पाहायला डाउनडिटेक्टर बरं आहे. ते वापरकर्त्यांच्या तक्रारी मोजतं. त्यामुळे एखादी मोठी सेवा कोसळली की निर्दोष इंटरनेट कंपन्यांच्या नावापुढेही तक्रारींचा सुळका उठतो, कारण लोकांना दोष कुणाचा ते ठाऊक नसतं. सेवा चालू आहे की बंद ते सांगणारं कंपनीचं स्वतःचं स्थितीपान अधिकृत असलं तरी आंधळेपणाने मानू नका. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची एस३ ही साठवण सेवा कोलमडली, तेव्हा तिच्या स्थितीपानावर काही काळ सगळं ठीक दिसत होतं. ते पान अद्ययावत करण्याची व्यवस्थाच एस३ वर अवलंबून होती.

भरती-ओहोटी तुमच्या यादीत नव्हती, पण समुद्राजवळ राहत असाल तर सांगून ठेवतो. वेळापत्रकातली उंची चंद्र-सूर्याच्या गणिताने आधीच काढलेली असते, तिला वाऱ्याची आणि हवेच्या दाबाची कल्पना नसते. वादळी दिवशी ते वेळापत्रक बाजूला ठेवून भरतीमापक केंद्राचा प्रत्यक्ष मोजलेला आलेख उघडा. युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाच्या साइटवर जगभरच्या अनेक केंद्रांचे आलेख आहेत, आणि शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वी आली तेही तिथे प्रत्येक केंद्रापुढे लिहिलेलं असतं.