भिंत सर्वांची, चित्र कोणाचे?

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यातील ५५ इंची टीव्हीवर कार्यक्रम चालू नसताना चित्र दिसते. सासूबाईंना पंढरीचा विठ्ठल हवा असतो, मुलाला जपानी चित्रकार होकुसाईची लाट आणि मला निसर्गचित्र. समोरची व्यक्ती ओळखून आपोआप चित्र बदलणारी व्यवस्था बसवावी का?

उत्तर : बसवू नये, असे माझे मत आहे. कल्पना जुनीच आहे. बिल गेट्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील मेडिना येथे घर बांधताना पाहुण्यांनी कपड्यांवर लावायची इलेक्ट्रॉनिक पिन योजली होती. ती लावलेला पाहुणा ज्या खोलीत जाईल, तेथील पडद्यांवर त्याच्या आवडीची चित्रे उमटावीत, असा बेत होता. अशा पडद्यांना चित्रे पुरवण्यासाठी त्यांनी १९८९ मध्ये काढलेली कंपनीच पुढे कॉर्बिस या नावाने ओळखली गेली. परंतु एकाच खोलीत दोघे आले तर काय, हा तुमचा प्रश्न त्यांनाही टळला नाही. १९९५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन वाटा सुचवल्या : आधीच्या व्यक्तीचे चालू आहे ते चालू ठेवावे, किंवा दोघांनाही आवडेल असे काही लावावे. पहिल्या वाटेने दुसऱ्याच्या पदरी काही पडत नाही. दुसऱ्या वाटेने कोणालाच न खुपणारे, लॉजच्या खोलीत शोभेल असे चित्र तेवढे उरते. शिवाय सासूबाई हात जोडून उभ्या असताना नातू आत आला म्हणून विठ्ठलाच्या जागी लाट उसळावी, हे यंत्राला रास्त वाटले तरी घराला वाटणार नाही.

त्यापेक्षा पाळी लावा. एकेकाने निवडलेले चित्र आठवडाभर हलवू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी होकुसाईच्या लाटेखालच्या होड्यांतील माणसे सासूबाईंनाही दिसू लागतील. स्वतःपुरती आवड जपायला आपापल्या खोलीतील लहान डिजिटल फ्रेम पुरे.

प्रश्न : सोसायटीच्या प्रवेशदालनातील पडद्यावर कोणाचीही चित्रे दाखवता येतात का?

उत्तर : नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि म. वि. धुरंधर १९४४ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची चित्रे खुली आहेत, सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हाती दिवा धरलेल्या स्त्रीच्या सुप्रसिद्ध चित्राला २०२८ अखेरपर्यंत थांबावे लागेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे विनामूल्य खुली केली आहेत, तेथून सुरुवात करावी. उभे चित्र आडवा पडदा भरावा म्हणून कापू मात्र नये. कडेला काळी जागा राहिली तर राहू द्यावी.

प्रश्न : चित्र दिवसभर ठेवल्याने पडदा खराब होतो का? वीजबिल किती वाढेल?

उत्तर : ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा, पडद्यावर एकच चित्र सतत राहिल्यास त्याचा पुसट ठसा कायमचा उमटू शकतो, मागच्या दिव्यांनी उजळणाऱ्या एलसीडी पडद्याला ही भीती फार कमी असते. तेव्हा तुमचा पडदा ओएलईडी असेल, तर वर सुचवलेली आठवड्याची पाळी चालणार नाही. चित्र दिवसातून काही वेळा बदलावे लागेल. विजेचा हिशेब सोपा आहे : ५० वॉट घेणारा पडदा रोज १२ तास चालला, तर ३० दिवसांत १८ युनिट जळतात. खोलीत कोणी नसताना पडदा विझवणारा संवेदक असेल, तर तो जरूर चालू ठेवावा. माणसाची एवढी दखल यंत्राने घेतलेली मला चालते.