अकरा वर्षांच्या मुलीला दातांच्या डॉक्टरांनी हेडगिअर (दाढांना जोडलेली तार आणि ती ओढून धरणारा डोक्याचा किंवा मानेचा पट्टा) सांगितलंय. नुसत्या तारांनी भागणार नाही का?

दरवेळी नाही भागत. रस्सीखेच आठवा. तारेने पुढचे दात मागे ओढायचे तर जोर दाढांवर येतो आणि दाढाच पुढे सरकायला लागतात. हेडगिअरमध्ये हा जोर तोंडाबाहेर, मानेवर किंवा डोक्यावर घेतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढांवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्या नळ्यांत आतली तार बसते, आणि बाहेरची तार गालांवरून मागच्या पट्ट्याला अडकते.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, वरच्या जबड्याची पुढची वाढ रोखणं. ते वाढीच्या वयातच जमतं, म्हणून अकराव्या वर्षी सांगितलंय. (खालचा जबडा पुढे असेल तर उलटं, वरचा पुढे ओढणारा मुखवटा देतात.)

रोज साधारण १२ ते १४ तास घालावं लागतं. आमच्या चिरंजीवांनी कोथरूडमधल्या क्लासला ते घालून जायला साफ नकार दिला. मग संध्याकाळी घरी आल्यापासून सकाळच्या दुधापर्यंत, असं ठरलं. पहिले चार दिवस दाढा ठणकल्या, वरण-भात आणि मऊ खिचडीवर काढले.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: काढताना आधी मागचा पट्टा सोडायचा, मगच तार. ताणलेली तार उसळून डोळ्याला लागू शकते. पट्टा ताण आला की आपोआप सुटणारा आहे ना, हे विचारून घ्या. आणि घालून दंगामस्ती बंद.

आता काही मुलांना हिरडीखालच्या हाडात छोटा स्क्रू बसवूनही आधार देता येतो, पण त्याने जबड्याची वाढ तशी रोखली जात नाही. नेमकं काय साधायचंय, ते डॉक्टरांना विचारा.